रेझिन

रेझिन : लॅटिन ‘रासेमस’, म्हणजे फळांचा घड, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत. फ्रेंच माणूस आजही ‘रेझँ’ म्हणतो ते ताज्या द्राक्षाला. वाळलेले हवे तर ‘सेक’ जोडावे लागते. गंमत म्हणजे इंग्रजी ‘ग्रेप’ही फ्रेंचच, आणि त्याचाही मूळ अर्थ घडाकडेच जातो. आपला ‘बेदाणा’ फारसी : बे-दाना, बिनबियांचा. तासगावकडे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात ती द्राक्षे थॉमसन किंवा त्यातूनच बोरगावात निवडलेल्या तास-ए-गणेश यांसारख्या बिनबियांच्या वाणांची. तेव्हा नाव चपखल आहे. या आवृत्तीत ‘रेझिन’साठी सर्वत्र ‘बेदाणा’ घेतला आहे. बी असेल तिथेच ‘मनुका’. — संपादक