दाहक आंत्ररोगातील त्वचाविकार, बालवयातील

क्रोन रोग किंवा व्रणीय बृहदांत्रशोथ असलेल्या मुलांच्या त्वचेवर मूळ रोगामुळे, कुपोषणामुळे अथवा औषधांमुळे उद्भवणारे विकार. ब्रनस्टिंग, गोकरमन व ओलिअरी यांनी १९३० मध्ये पायोडर्मा गँग्रिनोसम या व्रणकारी त्वचाविकाराचे वर्णन केले. त्यांच्या पाच रुग्णांपैकी चौघांना व्रणीय बृहदांत्रशोथ होता (⟶ बृहदांत्रशोथ).

सर्वाधिक आढळणारा विकार इरिथिमा नोडोसम. नडगीवर तापलेल्या, दुखऱ्या लाल गाठी येतात. सावळ्या त्वचेवर लाली लपते, म्हणून गाठी हाताने चाचपाव्या लागतात. आतड्याचा दाह शमला की त्या मुका मार लागल्यासारखा डाग ठेवून व्रणाविना विरतात. पायोडर्मात मात्र पुळी फुटून जांभळ्या, पोखरलेल्या कडांचा व्रण होतो व तो आतड्याच्या स्थितीशी समांतर असेलच असे नाही. जखमेने तो पसरतो. त्यामुळे शस्त्रक्रियेने तासणे टाळतात. जस्त कमी पडल्यास तोंड व गुदाभोवती पुरळ उठते (⟶ जस्त). दाहकारक टीएनएफ प्रथिन रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांनी सोरियासिससदृश चट्टेही येतात (⟶ सोरियासिस).

निदानात गुदाभोवतीची त्वचा तपासणे महत्त्वाचे. तेथील सुजट मांसल लोंब मूळव्याध समजले जातात. पण लहान मुलांत मूळव्याध विरळ असते व क्रोन रोगात असे लोंब पोटदुखी, जुलाबांच्या आधीही दिसू शकतात.