गावठी गुलाबाचं नाव काय?

आजचा भाग गुलाबाचा आहे. पण बुकेमधल्या नाही, तर जुन्या कबरीशेजारी वाढलेल्या, पाटी नसलेल्या गुलाबाचा.

आपल्या नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, जुन्या कबरी किती तऱ्हेच्या आहेत बघा. निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशाह बाग रौजात आहे. 'रौजा' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ बागच. थडगं हा अर्थ नंतरचा. म्हणजे 'बाग रौजा' म्हणताना आपण दोनदा बागच म्हणतो! १८०३ मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला, मग छावणी आली आणि गोऱ्यांची दफनभूमी आली. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन आलं. सावित्रीबाईंना शिक्षिकेचं प्रशिक्षण देणाऱ्या मिस सिंथिया फरार १८६२ मध्ये नगरमध्येच वारल्या.

दगडावर माणसाचं नाव असतं, झाडाला पाटी नसते. अशा ठिकाणी गुलाब दिसला आणि कोणाला विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "गावठी आहे."

पण गावठी हे नाव नाहीच. 'नर्सरीतला हायब्रिड नाही' एवढाच त्याचा अर्थ. कोडमध्ये आपण घाईत व्हेरिएबलला 'टेम्प' म्हणतो ना, तसलाच प्रकार. त्या एका शब्दामागे निदान तीन घराणी लपलेली असू शकतात. एक चिनी गुलाब: गुळगुळीत टोकदार पानं, काटे कमी, फुलं जवळपास वर्षभर. दुसरा दमास्क: फांदीवर लहानमोठे काटे दाटीने, फिकट मऊ पानं, आणि वास असा की गुलाबपाणीच आठवावं. तिसरा या दोघांचा संकर, म्हणजे बोरबाँ.

या तिसऱ्याची गोष्ट मस्त आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचं जुनं नाव बोरबाँ. तिथे कुंपणाला चिनी आणि दमास्क गुलाब शेजारी शेजारी लावत. त्यांचा आपोआप संकर झाला आणि १८१७ च्या सुमारास तो बागतज्ज्ञांच्या नजरेत आला. त्याच घराण्यातला 'एडवर्ड' भारतात इतका रुळला की गुलकंदासाठी आणि हारासाठी आजही लावतात. मग दर्ग्यावरच्या चादरीतला गुलाबी 'देशी' गुलाब कितपत देशी, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

चुकीचं नाव किती टिकतं तेही ऐका. लिनियसने १७५३ मध्ये एका चिनी गुलाबाला 'रोझा इंडिका' म्हटलं. पुढे चीनहून निघालेली बरीच रोपं कोलकात्यामार्गे युरोपात गेली, आणि तिकडे त्यांना 'बंगाल गुलाब' म्हणू लागले. रोपं चीनची, नाव आपलं! म्हणून माझं मत असं: चुकीच्या नावापेक्षा बिननावाचं झाड परवडलं.

मग ओळखायचं कसं? लेन्सने एक फोटो काढला की काम झालं, असं नाही. ॲप 'गुलाब' एवढं सांगेल, पुढचं बहुतेक अंदाजपंचे. कबरीवरच्या सनावरही विसंबू नका. दगड १८७० चा असला तरी झाड नातवाने १९५० मध्ये लावलेलं असू शकतं. आणखी एक मोठी गोम आहे. नर्सरीतला गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून तयार करतात. पाणी तुटलं की वरचा शौकीन गुलाब मरतो आणि खालून खुंटाचे फुटवे वर येतात. आपल्या दुष्काळी भागात हे सहज होतं. तेव्हा पन्नास वर्षं टिकलेला 'जुना गुलाब' हा कोणी हौसेने लावलेला नसून त्याचा खुंटच असू शकतो.

अमेरिकेत टेक्सासमध्ये १९८० च्या दशकापासून हौशी लोक जुन्या दफनभूमींतले असे गुलाब शोधत फिरतात. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या जुन्या दफनभूमीत तर १९९२ पासून त्यांची बागच आहे. त्यांची पद्धत मला फार आवडते. खरं नाव सापडेपर्यंत गावाचं किंवा कबरीवरच्या माणसाचं नाव अवतरणचिन्हात द्यायचं. ते चिन्ह म्हणजे 'तपास चालू आहे'.

डीएनएची मदत होते. २००० मध्ये जपानी संशोधकांनी चार जुने दमास्क तपासले, तर चौघांचं प्रोफाइल एकच निघालं. म्हणजे शतकानुशतकं लोक एकाच झाडाच्या काड्या एकमेकांना देत आले. कबरीशेजारचा गुलाबही अशीच एखादी जिवंत प्रत असतो. साफसफाईला जेसीबी आला की दगड निदान बाजूला ठेवतात. झुडूप तणाबरोबर जातं.

तुमच्या गावात असं झाड असेल तर फुलाचा एकच क्लोजअप नको. कळी, पाकळ्यांखालची हिरवी निदलं, पानाची खालची बाजू, काटे, फळ, आणि फूल जमिनीजवळच्या फुटव्यावर आहे का, हे सगळं टिपा. कोणत्या महिन्यात फुलतो ते लिहा, वास कसा ते शब्दांत लिहा. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला किंवा कमिटीतल्या चाचांना विचारा की हे कोणी लावलं. काडी हवी असेल तर त्यांची परवानगी घेऊन पावसाळ्याच्या तोंडाला घ्या, पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची. आणि कुंडीवर पाटी लावाल तेव्हा भिंगारहून आणली असेल तर "भिंगार गुलाबी" असं लिहा, अवतरणचिन्हासकट.