सहा म्हणजे किती?

बाबांच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं : ग्लीसन ३+३=६. दहापैकी सहा, म्हणजे रोग अर्ध्याहून पुढे गेला, असा हिशोब मी रिक्षातच करून टाकला. तो चुकला होता.

१९६६ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ही पद्धत मांडली डोनाल्ड ग्लीसन यांनी. ते अमेरिकेत, मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होते. मायक्रोस्कोपखाली त्यांनी सुट्या पेशींपेक्षा ग्रंथींची रचना पाहिली. रचना जितकी विस्कटलेली, तितका अंक मोठा, १ ते ५. एकाच कॅन्सरमध्ये वेगवेगळे नमुने असतात, म्हणून सर्वाधिक दिसणाऱ्या दोघांची बेरीज.

पुढे बायोप्सीत १ आणि २ देणं जवळपास बंद झालं, बेरीज मात्र तशीच राहिली. त्यामुळे ६ हाच सर्वांत सौम्य आकडा उरला. शिवाय ३+४ आणि ४+३ दोन्ही सातच, पण दुसरा जास्त घातक. जुन्या कोडमध्ये अशा गाठी मी रोज बघतो. इथे मात्र त्या आकड्यावर माणसाचं ऑपरेशन ठरत होतं. शेवटी २०१४ मध्ये तज्ज्ञांनी १ ते ५ असे नवे गट ठरवले. जुना ६ झाला गट १.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची घाई नको. पीएसए बघत राहू, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी करू."

बाबांनी रिपोर्टवर पेनाने '१' लिहिला आणि त्याभोवती गोल केला.