जबलपूरच्या मराठी घराण्यांचा कागदोपत्री माग

गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावावरून अधारताल हे नाव पडले. राणीच्या नावाचा राणीताल आणि तिच्या दासीच्या आठवणीचा चेरीताल हेही त्याच परंपरेतले. राणीला १५६४ मध्ये वीरमरण आले. साडेचार शतके लोटली तरी तळ्यांची नावे लोकांच्या तोंडी टिकून आहेत. घराण्यांच्या आठवणी मात्र इतक्या चिवट नसतात. जबलपुरातील अनेक मराठी कुटुंबांत आज ‘आम्ही मूळचे नागपूरकडचे’ एवढेच वाक्य उरले आहे. पणजोबांचे गाव कोणते, ते येथे कधी व कशासाठी आले, हे सांगणारी वडीलधारी मंडळी राहिलेली नाहीत. तेव्हा शोध घ्यावयाचा तो कागदांतच.

कोणते कागद पाहावयाचे, हे घराणे केव्हा आले यावर अवलंबून असते. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला. १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. मराठी अमलात आलेल्या घराण्यांचे जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात. १८६७ मध्ये अलाहाबादकडून आणि मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आगगाडीचा मार्ग जबलपूरला येऊन मिळाला. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. या निमित्ताने आलेल्यांचा माग नोकरीच्या सेवापुस्तिकेत आणि पेन्शनच्या कागदांत लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उच्च न्यायालय जबलपूरला आले, तर १९६४ मध्ये अधारतालला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्यांच्याबरोबर नवे नोकरदारही आले.

यांपैकी १९५६ हे साल विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यापूर्वी नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते व नागपूर ही त्याची राजधानी होती. नागपूर, वर्धा किंवा भंडाऱ्याहून जबलपूरला बदली होणे म्हणजे जिल्हा बदलणे, एवढाच त्याचा अर्थ होता. परप्रांतात चाललो आहोत असे कोणाला वाटले नाही, म्हणून जुने कागद जपून बरोबर आणण्याची गरजही भासली नाही. राज्यपुनर्रचनेने मध्ये सीमा आली. माणसे मध्य प्रदेशात राहिली आणि त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी विदर्भातील तहसिलींत राहिल्या.

ही अडचण केवळ जिज्ञासेपुरती नाही. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला, जमातींविषयीचा त्याच वर्षी ६ सप्टेंबरला. जातीचा दाखला मागताना त्या वेळी घराणे कोठे वास्तव्यास होते, याचा पुरावा विचारला जातो. आजोबांच्या एका जुन्या नोंदीवर नातवाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असते.

शोधाचा सुरक्षित मार्ग म्हणजे आजपासून मागे जाणे. प्रथम घरातील ट्रंका, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका आणि जुन्या फोटोंच्या मागचा मजकूर पाहावा. मग नगरपालिकेच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, सेवापुस्तिका आणि शाळेचे दाखलखारीज रजिस्टर पाहावे. गावाचे नाव हाती लागले की जमिनीच्या बंदोबस्ताची मिसल आणि कोतवाल बुक उघडता येते. खेड्यातील जन्म-मृत्यू त्यात लिहिले जात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग व काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचे गाव, आडनाव आणि पिढ्यांची नावे लिहिलेली असतात. कित्येकदा पूर्वजाची स्वाक्षरीही सापडते. पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. पण त्यांतील वंशावळ मूळ नोंदींशी ताडून पाहिल्याखेरीज आपली मानू नये.

नावांच्या लेखनात फसगत होते, हेही सांगितले पाहिजे. हिंदी लेखनात ‘ळ’ सहसा वापरत नाहीत. त्यामुळे घरी ‘काळे’ असलेले कुटुंब कचेरीत ‘काले’ होते. एकाच गृहस्थाचे नाव कोठे वडिलांच्या नावासह, कोठे केवळ आद्याक्षरांनी, तर कोठे आडनावाऐवजी धंद्याने लिहिलेले आढळते. म्हणून एका नोंदीवर विसंबू नये. नाव, वडिलांचे नाव, गाव आणि अंदाजे वय या चारांपैकी तीन जुळली, तर पुढे पाऊल टाकावे.

या सर्व साधनांत शाळेच्या रजिस्टराचे स्थान वेगळे आहे. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि पूर्वीची शाळा एकाच ओळीत नोंदली जाते. विदर्भातून आलेल्या मुलाच्या बाबतीत ‘पूर्वीची शाळा’ हा रकानाच मूळ गावाकडे बोट दाखवितो. मराठी शाळेत आडनावातला ‘ळ’ही शाबूत राहतो. प्रवेशाच्या दिवशी कारकुनाने सहज लिहिलेली ती ओळ पुढे सीमेच्या दोन्ही बाजूंचे कागद जोडणारा दुवा ठरते.

म्हणून हीरक महोत्सवाच्या वर्षी जुनी रजिस्टरे वाळवीपासून आणि ओलीपासून सांभाळणे, त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे हे समारंभाइतकेच अगत्याचे काम आहे. माजी विद्यार्थ्यांनीही घरातील आजी-आजोबांकडून मूळ गाव, तालुका आणि चार पिढ्यांची नावे आजच लिहून घ्यावीत, आणि त्या कागदावर तारीख व सांगणाऱ्याचे नाव घालण्यास विसरू नये.