पाच आडव्या रेघांचे घराणे

सर्व्हर सांभाळणाऱ्याला एक ओळ झोपेतही ओळखता येते: पाच आडव्या रेघा, 'बिगिन सर्टिफिकेट', पुन्हा पाच रेघा. खाली बहुधा 'एमआयआय'ने सुरू होणारा अगम्य अक्षरांचा ठोकळा. ही पेम फाइल. पेम म्हणजे प्रायव्हसी एन्हान्स्ड मेल. ई-मेल गुप्त ठेवायची ती योजना होती. प्रमाणपत्रे साठवणे हे तिचे मूळ काम नव्हेच.

रेघा मात्र तिच्याहून जुन्या. एका टपालात दुसरे टपाल कसे गुंडाळावे, हे 1985 साली मार्शल रोझ आणि एइनार स्टेफेरुड यांनी आरएफसी 934 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडले. रेघेने सुरू होणारी ओळ ही सीमा. मजकुरातलीच एखादी ओळ तशी सुरू झाली तर? तिच्या आधी आणखी एक रेघ आणि मोकळी जागा टाकायची. पीजीपी या ई-मेल गुप्त ठेवणाऱ्या दुसऱ्या योजनेने सही केलेल्या साध्या मजकुरात ही खोड आजही दिसते.

पेमचा पहिला मसुदा 1987 चा, पक्का झाला 1993 मध्ये. तेव्हाच्या टपालातून सात बिटांची साधी अक्षरेच धडपणे जात, आणि यंत्रायंत्रांची अक्षरकोष्टके वेगळी. म्हणून तीन बाइटची चार अक्षरे करायची, ओळीला 64 अक्षरे. आकार एक तृतीयांशाने फुगतो, पण वाटेत काही मोडत नाही. 'एमआयआय'चे गूढही इथेच उकलते: आत डीईआर पद्धतीची नोंद असते, ती मोठी असली की तिचे पहिले दोन बाइट 30 आणि 82 (षोडशमान पद्धतीत), आणि त्यांचा अक्षरावतार जवळजवळ नेहमी तोच.

मेल म्हणून पेम चालले नाही. सगळ्यांच्या डोक्यावर किल्ल्यांची ग्वाही देणारी एकच मूळ संस्था, ही उतरंड कुणाला मानवणार? फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये आणलेल्या पीजीपीत कुणीही कुणाच्या किल्लीची ग्वाही देऊ शकत होता. पेमचे घर बुडाले आणि भांडी शेजाऱ्यांनी नेली. रेघा पीजीपीतही आल्या. 1995 च्या एसएसएलइये या कूटलेखनाच्या कोडसंग्रहाने आणि पुढे ओपनएसएसएलने तर वेष्टनच उचलले. जुन्या धर्तीच्या कुलूपबंद खासगी किल्लीवर 'प्रॉक-टाइप: 4, एन्क्रिप्टेड' अशी ओळ असते, त्यातला 4 हा पेमच्या शेवटच्या आवृत्तीचा आकडा, मागे राहिलेला. ओपनएसएसएचने 2014 मध्ये किल्लीसाठी स्वतःचा साचा आणला, 2018 मध्ये तोच मुख्य केला, पण रेघा सोडल्या नाहीत. जे वर्षानुवर्षे चालत आले होते, ते 2015 मध्ये आरएफसी 7468 ने लिहून काढले.

किल्ली आणि प्रमाणपत्र एकत्र, पासवर्डखाली ठेवणारी पीएफएक्स फाइल विंडोजवाल्यांच्या सवयीची. ती नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. पेम येते, म्हणूनच टिकली असे मला वाटते. तिचा धोकाही तोच: साधा मजकूर असल्याने खासगी किल्ल्या सार्वजनिक कोडभांडारांत सहज जाऊन पडतात. डॉट पेम हे शेपूट आत काय आहे ते सांगत नाही. तेव्हा फाइल कुणाला धाडण्याआधी तिच्यातली प्रत्येक 'बिगिन' ओळ वाचा. एकीतही 'प्रायव्हेट की' असेल तर धाडू नका.