बाटलीवरची वेळ

संशोधक विद्यार्थी असताना मी एकदा सकाळी आठ वाजता बफर तयार केला, त्यात पीएमएसएफ घातले आणि दुपारी चार वाजता तोच बफर वापरून यकृताच्या पेशी फोडल्या. दुसऱ्या दिवशी जेलवर माझ्या प्रथिनाचा एकच ठसठशीत पट्टा दिसायला हवा होता. दिसले ते तुकडे. वहीत लिहिले होते, ‘रोधक घातला’. नोंद खरी होती; रोधक मात्र उरला नव्हता. तो कुठे गेला, हे शोधता शोधता मी या पांढऱ्या भुकटीच्या इतिहासात शिरलो.

पेशी फुटली की प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजे प्रोटिएज, मोकाट सुटतात. त्यांना आवरणारे पदार्थ निसर्गातही आहेत. कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात, हे ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्ये दाखवले. त्यामागचे एक कारण असलेला ट्रिप्सिन-रोधक मोझेस कुनित्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळा केला.

पीएमएसएफची कुळी मात्र वेगळी. १९३२ मध्ये बर्लिनला लांगे आणि फॉन क्रूगर यांनी फ्लुओरोफॉस्फेट वर्गातली काही संयुगे बनवली. वाफेने श्वास कोंडला, दृष्टी अंधुक झाली. दुसऱ्या महायुद्धात केंब्रिजमध्ये सॉन्डर्स आणि सहकाऱ्यांनी त्याच कुळातले डीएफपी अभ्यासले. त्याची वाफ स्वतःवरही घेऊन पाहिली. बाहुल्या आकसल्या. चेतातंतूंच्या कामाला लागणारे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर त्याने बंद पडत होते.

१९४९ मध्ये कॅलिफोर्नियात यान्सेन, बॉल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हेच डीएफपी ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन यांनाही निकामी करते. अशा रीतीने युद्धातले विष जीवरसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर आले. ते हाताळताना उताऱ्याचे अ‍ॅट्रोपिन जवळ ठेवावे लागे.

१९६३ मध्ये फार्नी आणि गोल्ड यांनी सल्फोनिल फ्लुओराइडे तपासली. त्यांतले पीएमएसएफ कायमोट्रिप्सिनला झटकन धरत होते, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजला मात्र जवळजवळ हात लावत नव्हते. प्रयोगशाळांनी ते आपलेसे केले, यात नवल नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर १९७८ च्या एका शोधनिबंधात सापडले. जेम्स यांनी मोजले होते की २५ अंश सेल्सिअसला पाण्यातले निम्मे पीएमएसएफ पीएच ७ ला ११० मिनिटांत, ७.५ ला ५५ आणि ८ ला अवघ्या ३५ मिनिटांत निकामी होते. माझा बफर पीएच ८ चा होता आणि टेबलावर आठ तास पडून होता. म्हणजे तेरा वेळा निम्मे!

तेव्हापासून पीएमएसएफचा साठा मी कोरड्या आयसोप्रोपेनॉलमध्ये करतो आणि पेशी फोडण्याच्या ऐन क्षणी थंड बफरमध्ये घालतो. काम लांबले तर पुन्हा घालतो. डीएफपीच्या मानाने सौम्य असले तरी ते विषारीच, म्हणून हातमोजे घालून, धूरकपाटात तोलतो. ते मुख्यतः सेरीन प्रोटिएजना आवरते. धातूवर चालणाऱ्यांसाठी ईडीटीए आणि अ‍ॅस्पार्टिक प्रोटिएजसाठी उमेझावा यांच्या गटाने १९७० मध्ये जपानात शोधलेले पेप्स्टॅटिन वेगळे लागते.

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना ‘रोधक घातला’ एवढेच दिसले, की मी शेजारी पेन्सिलीने लिहितो : किती वाजता?