कर्णाचा अपराध आणि कोल्हापूरचे कादंबरीकार

आवडत्या नायकाच्या हातून घडलेल्या अपकृत्याचे लेखकाने काय करावे, हा प्रश्न मराठी वाचकांत कर्णाच्या निमित्ताने जेवढा रंगला तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणाच्या निमित्ताने रंगला असेल. या वादाचे मोठे धन कोल्हापूरच्या मातीतून आले. आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी कोल्हापुरात शिक्षकाची नोकरी करीत लिहिलेली 'मृत्युंजय' १९६७ साली प्रकाशित झाली. कोवाडच्या रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ साली आली.

अपराध लहान नव्हता. द्यूतसभेत विकर्णाने द्रौपदीची बाजू घेतली तेव्हा त्याला गप्प केले ते कर्णाने. तिच्या शीलाविषयी हीन शब्द उच्चारला तो त्यानेच, आणि पांडवांची व तिची वस्त्रे उतरविण्यास दुःशासनाला सांगितले तेही त्यानेच. व्यासांनी यातले काहीही झाकलेले नाही.

कर्णाचे चाहते मात्र एक समर्थन नेहमी पुढे करतात: स्वयंवरात द्रौपदीने 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणून त्याचा भर सभेत अपमान केला होता. सावंतांच्या कादंबरीलाही या जखमेचा आधार आहे. परंतु पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी सिद्ध केलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीत (ते पर्व १९३३ साली पूर्ण झाले) तो प्रसंग मूळ संहितेत ठेवलेला नाही. म्हणजे ज्या अपमानावर समर्थनाची सारी इमारत उभी, तोच प्रक्षिप्त ठरतो! कादंबरीकाराने परंपरेतली कथा घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तो त्याचा अधिकारच आहे.

आम्हांस खेद होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. उद्योगपर्वात कृष्णाशी एकांतात बोलताना कर्ण स्वतःच सांगतो की, दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना कटू बोललो आणि त्या कृत्याचा आज आपल्याला पश्चात्ताप होतो. नायकाने जे स्वतःच कबूल केले, ते त्याच्या वकिलांनी का नाकारावे? इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये कर्णाला अशी सूट दिली नाही, तरी त्यांच्या लेखातला कर्ण लहान वाटत नाही.

पवित्र शास्त्रातही हे दोन्ही मार्ग दिसतात. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाने उरियाची पत्नी बथशेबा हिच्याशी केलेला व्यभिचार, उरियाचा घडवून आणलेला मृत्यू आणि नाथान संदेष्ट्याने केलेली निर्भर्त्सना सविस्तर येते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा कर्ता राब्बाचा वेढा सांगतो, दावीद यरुशलेमेत राहिला हेही सांगतो, आणि पुढचे सारे गाळतो. पण मत्तयाने वंशावळीत बथशेबाचे नाव न लिहिता 'उरियाची पत्नी' असे लिहून तो विषय पुन्हा उघडा केला.

कोल्हापुरातच राहणाऱ्या वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या 'ययाति'त वेगळी वाट धरली होती. ययाति आपले अधःपतन आपल्याच तोंडाने सांगतो. पण देवयानी बोलते, शर्मिष्ठाही बोलते, आणि त्याचे शब्द त्या दोघींच्या शब्दांशेजारी ठेवूनच वाचावे लागतात. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण बोलतात. द्रौपदीला त्यात एकही प्रकरण नाही.